जुना थिंकपॅड टी४२ लॅपटॉप पुन्हा वापरात आणायचा आहे. कोणते पार्ट आधी घ्यावेत?

तुम्ही दिलेली लक्षणं अशी: सुरू होताना स्क्रीन लालसर आणि अंधुक, बॅटरी चार्जच घेत नाही, फॅनची खरखर, हार्डडिस्कची टकटक आणि तारीख-वेळ दर वेळी पुसली जाणं. आणि प्रश्न असा की एसएसडी आधी घ्यावी, रॅम की बॅटरी.

तूर्त काहीच घेऊ नका. या पाचही गोष्टींवर इलाज आहे आणि पार्ट शोधले की मिळतात. मिळायला अवघड असतो तो धड मदरबोर्ड, आणि टी४० ते टी४३ या मालिकेचं खरं दुखणं नेमकं तिथेच आहे. आधी तो तपासा. तो गेलेला असेल तर बाकीचा खर्च पाण्यात.

या मशिन्समधली रेडिऑन ग्राफिक्स चिप बोर्डावर सोल्डरच्या बारीक गोळ्यांनी बसवलेली असते. लॅपटॉप एका हाताने, कोपऱ्याला धरून उचलायची सवय सगळ्यांनाच असते. त्यात बोर्डाला किंचित पीळ पडतो आणि वर्षानुवर्षं असं झालं की त्या गोळ्यांना तडे जातात. मग स्क्रीनवर रेघा, ठिपके, मध्येच मशिन गोठणं, किंवा काहीच न दिसणं. तपासायला बाहेरचा मॉनिटर व्हीजीए पोर्टला जोडा, अर्धा-एक तास चालू ठेवा आणि मधूनमधून पाम रेस्टवर (कीबोर्डखालची तळहात टेकायची जागा) हलका दाब देऊन बघा. रेघा दोन्हीकडे दिसल्या तर चिपचा दोष. फक्त लॅपटॉपच्याच स्क्रीनवर दिसल्या तर केबल किंवा पॅनेल, म्हणजे सुटलात. चिप गरम करून 'रिफ्लो' करणारे व्हिडिओ भरपूर सापडतील. त्याने मशिन काही काळ चालतं आणि पुन्हा तिथेच येतं. माझ्या मते त्या फंदात पडू नये. आणि आजपासून मशिन दोन्ही हातांनी उचला.

दुसरी तपासणी पासवर्डची. सुरू करताना एफ१ दाबून बायॉसमध्ये (मशिनचा सुरुवातीचा मूळ प्रोग्राम) जा. सुपरवायझर पासवर्ड मागितला आणि तो कोणालाच आठवत नसेल तर तिथे थांबून विचार करा. हा पासवर्ड बोर्डावरच्या वेगळ्या मेमरी चिपमध्ये असतो, त्यामुळे घड्याळाची बॅटरी काढून ठेवल्याने तो जात नाही. भल्याभल्यांचा इथे गैरसमज असतो.

या दोन्हींतून मशिन पार पडलं, की मग खरेदी. त्याआधी या मॉडेलचं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल उतरवून घ्या. पीडीएफ नेटवर आहे. आयबीएमने (लॅपटॉपचा धंदा २००५ मध्ये लेनोवोकडे गेला, त्याआधीचं हे मशिन) हे मॅन्युअल दुरुस्ती करणाऱ्यांसाठी लिहिलं होतं आणि आजच्या कंपन्यांनी लाजावं इतकं ते चांगलं आहे. कोणता भाग कोणत्या क्रमाने काढायचा, कुठे किती लांबीचा स्क्रू, सगळं त्यात आहे. स्क्रूची लांबी गंमत म्हणून दिलेली नाही. दोन-तीन मिलिमीटर जास्त लांबीचा स्क्रू चुकीच्या भोकात पिळला तर तो थेट बोर्डात घुसू शकतो. मी कागदावर मशिनच्या तळाची आकृती काढतो आणि निघेल तो स्क्रू त्या-त्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवतो. प्रत्येक सुट्या भागावर एफआरयू नंबर (त्या बदलीच्या भागाचा क्रमांक) छापलेला असतो. पार्ट शोधताना 'टी४२ फॅन' असं न शोधता तो नंबर टाका. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या ग्राफिक्स चिप आणि वेगवेगळे पॅनेल आले होते, त्यामुळे वरवर सारखा दिसणारा पार्ट बसेलच असं नाही.

आता स्क्रीन. लालसरपणा म्हणजे बॅकलाइटची ट्यूब म्हातारी झाली. त्या काळच्या पॅनेलमध्ये एलईडी नाही, काडीएवढी बारीक सीसीएफएल ट्यूब असते आणि तिला शेकडो व्होल्ट पुरवणारी इन्व्हर्टरची छोटी पट्टी स्क्रीनच्या फ्रेममध्ये बसवलेली असते. सुरुवातीला गुलाबी-लाल आणि दहा-पंधरा मिनिटांत बरी होत असेल तर बहुधा ट्यूबच. एकदम काळी होत असेल तर खोलीत अंधार करा आणि टॉर्च तिरका धरून स्क्रीनवर मारा. आयकॉन पुसटसे दिसले तर पॅनेल शाबूत आहे, बिघाड ट्यूबचा किंवा इन्व्हर्टरचा. इन्व्हर्टर बदलणं सोपं, दोन कनेक्टरचं काम; फक्त हात लावण्याआधी अडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही काढा. ट्यूब बदलायची तर पॅनेलचा पत्रा उघडून आतल्या फिल्म एकेक करून सरकवायच्या, तारा सोल्डर करायच्या, आणि त्यात धुळीचा एक कण शिरला तरी तो कायम डोळ्यांत खुपतो. शिवाय ट्यूबमध्ये थोडा पारा असतो. फुटली तर खिडक्या उघडा आणि तुकडे उघड्या हाताने गोळा करू नका. सोल्डरिंगचा सराव नसेल तर अख्खं पॅनेलच बदला. १४.१ इंचाच्या टी४२ मध्ये १०२४ × ७६८ आणि १४०० × १०५० अशी दोन रिझोल्यूशन होती. दुसरं बसवायचा मोह होईल, पण मग केबलही त्या पॅनेलची आहे ना ते बघावं लागतं.

म्हणूनच माझा सल्ला असा की सुटे पार्ट गोळा करण्यापेक्षा 'पार्ट्ससाठी' म्हणून विकला जाणारा, बोर्ड गेलेला पण स्क्रीन चांगली असलेला दुसरा टी४२ शोधा. पॅनेल, इन्व्हर्टर, कीबोर्ड, बिजागऱ्या, पाम रेस्ट आणि हरवलेले स्क्रू एकदमच मिळतात. जवळजवळ सगळं त्यातून काढता येतं. बॅटरी मात्र नाही.

बॅटरीबद्दल जरा सांभाळून. 'सीलबंद, ओरिजिनल' अशी जाहिरात असलेली वीस वर्षांपूर्वीची बॅटरी घेऊ नका. लिथियमचे सेल वापरले नाहीत तरी पडून खराब होतात. अलीकडे बनवलेली कॉम्पॅटिबल बॅटरी त्यापेक्षा बरी. आतले १८६५० सेल (बोटाएवढे गोल लिथियम सेल) स्वतः बदलण्याची कल्पना अनेकांना सुचते. पण पॅकमधल्या सर्किटचा पुरवठा मध्येच तुटला तर काही पॅक कायमचे लॉक होतात, आणि वेल्डिंग चुकलं तर आग लागायची भीती. जुनी बॅटरी फुगली असेल तर चार्जिंगला लावूच नका. खरं तर टी४२ बॅटरीशिवाय अडॅप्टरवर व्यवस्थित चालतो, त्यामुळे ही खरेदी सगळ्यात शेवटी केली तरी चालेल. अडॅप्टर १६ व्होल्टचा लागतो. पुढच्या टी६० पासून २० व्होल्ट आले. त्यांची पिन वेगळी आहे, पण युनिव्हर्सल अडॅप्टर असेल तर लावण्याआधी व्होल्टेज बघून घ्या.

फॅन हीटसिंकसकट येतो, तसाच बदला. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावायची. ग्राफिक्स चिपवर जाड मऊ पॅड असेल तर तिथे पॅडच हवा. मधली फट पेस्टने भरत नाही. फॅनसाठी कीबोर्ड काढलेलाच असतो, तेव्हा घड्याळाची बॅटरीही याच वेळी बदलून टाका. ती वायर लावलेली सीआर२०३२ असते; साध्या सेलला घरी वायर सोल्डर करू नका, तयार मिळते ती घ्या.

डिस्कच्या बाबतीत आधी डेटा. टकटक करणारी डिस्क पुन्हापुन्हा सुरू करू नका. यूएसबी-आयडीई अडॅप्टरवर (आयडीई म्हणजे डिस्क जोडायची जुनी पद्धत) लावून हवं ते एकदाच उतरवून घ्या. टी४२ मध्ये ४४ पिनची आयडीई डिस्क लागते, साटा (नंतरची पद्धत) चालत नाही. एमसाटा एसएसडी (छोट्या कार्डाच्या आकाराची) आणि तिला आयडीईमध्ये बदलणारी २.५ इंची केस हा सध्या सोयीचा मार्ग. वेग एटीए-१०० च्या पुढे जाणार नाही, म्हणजे सेकंदाला १०० एमबी ही कमाल. तेव्हा महागडी एसएसडी घेऊन काही उपयोग नाही. तरी फरक जाणवतो, कारण जुन्या डिस्कचा वेळ जायचा तो शोधाशोधीत. जुनी डिस्क काढताना तिच्या टोकाची प्लास्टिकची झाकणी जपा, नाहीतर बाजूला भोक पडल्यासारखं दिसतं.

रॅम: डीडीआर पीसी२७००, २०० पिन, दोन्ही मिळून जास्तीत जास्त २ जीबी. डीडीआर२ चीही पिनसंख्या २००च असते पण खाच जरा सरकलेली असते. बसत नाही म्हणून जोर लावू नका.

राहिलं वायफाय. आतलं मिनी-पीसीआय कार्ड बदलून दुसऱ्याच कंपनीचं लावलंत तर बायॉस ते नाकारतो आणि १८०२ क्रमांकाची चूक दाखवून सुरूच होत नाही. बाजूच्या पीसी कार्डच्या खाचेत लावलेल्या वायफाय कार्डाला ही अट नाही. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, तेव्हा एक्सपी ठेवणार असाल तर मशिन नेटवर नेऊ नका. जुने गेम आणि लिखाणासाठी ठेवा. लिनक्स हवं असेल तर ३२-बिट आवृत्ती शोधा. इन्स्टॉलर 'पीएई नाही' (पीएई म्हणजे जास्त मेमरी हाताळायची प्रोसेसरची सोय) म्हणून अडला तर बूट करताना फोर्सपीएई हा पर्याय द्या. या पेंटियम एममध्ये ती सोय असते, प्रोसेसर फक्त ती जाहीर करत नाही.