लाजवंतीला केळं-दूध देऊ नका

प्रश्न : सकाळी पोफळीच्या बागेच्या कुंपणाला लाजवंती चिकटून बसली होती, डोळे मिटून, अंगाचा गोळा करून. आजारी वाटली म्हणून खोक्यात ठेवली. केळं-दूध दिलं, पण तोंड लावत नाही. काय खायला घालावं? – एक वाचक, दोडामार्ग

उत्तर : काहीच घालू नका. लाजवंती (स्लेंडर लोरिस) हा झाडांवर राहणारा, रात्री फिरणारा छोटा प्राणी. दिवसा ती अशीच बसते, ते आजारपण नव्हे, झोप आहे. घरटं ती बांधत नाही. वेलींच्या जाळीत, दाट फांद्यांत मुटकुळं करून झोपते. परतताना उजाडलं तर जिथे असेल तिथेच थांबते. दूध तर बळजबरीने मुळीच पाजू नका, ते श्वासनलिकेत गेलं तर जीव जाईल.

आता एवढं करा. खोकं अंधाऱ्या, शांत जागी ठेवा, झाकणाला भोकं पाडा, आत अंगठ्याएवढी जाड फांदी आडवी बसवा. कुत्री-मांजरं बांधून ठेवा. हलवायची वेळ आलीच तर ओढू नका: तिच्या हातापायांतल्या रक्तवाहिन्यांची रचनाच अशी की पकड तासन्‌तास ढिली पडत नाही, ओढलं तर बोटं दुखावतात. समोर काठी धरा, ती आपणहून चढेल. चावते, म्हणून जाड कापड हाताशी हवंच. लगेच वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. जखम नसेल तर अंधार पडल्यावर, सापडली त्याच जागी, झाडावर सोडणं उत्तम. ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधली आहे. घरात ठेवणं गुन्हा आहे. पुन्हा कधी धडधाकट लाजवंती कुंपणावर दिसली तर हातच लावू नका, रात्री आपली आपण जाते.

प्रश्न : फळं नाहीत, तर रानात ती खाते काय? – एक वाचक, सत्तरी

उत्तर : मुख्यतः किडे. तामिळनाडूत अय्यलूरच्या रानातल्या अभ्यासात तिचं ९६ टक्के खाणं प्राणिजन्य निघालं, त्यातही मुंग्या आणि वाळवी सर्वांत जास्त. ते रान कोरडं, आपलं ओलं, त्यामुळे किड्यांच्या जाती बदलतील, किडेखाऊपण तेच. थोडा झाडाचा डिंकही खाते.

शिकार पाहण्यासारखी असते. मागच्या पायांनी फांदी घट्ट धरायची, अंग पुढे ताणायचं आणि पतंग हाताने झपकन पकडायचा. दुसरे प्राणी टाळतात असले उग्र वासाचे, चावरे किडेही ती सोडत नाही. असला किडा चावताना डोळे मिटते, लाळ गाळते, शिंकते, डोकं झटकते, आणि हातापायांना स्वतःचं मूत्र चोळते. शरीरात अन्न जाळण्याचा वेगच मंद असल्याने पाव किलोच्या आसपासच्या या जिवाचं एवढ्यावर भागतं.

म्हणूनच बागेत सरसकट कीटकनाशक मारलं की तिचं ताट रिकामं होतं.

प्रश्न : बागेतून नवा रस्ता काढतोय. लाजवंतीसाठी काय जपावं? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : वरच्या फांद्यांची सलगता. तिला शेपूट नाही आणि माकडासारखी उडी मारता येत नाही. एका फांदीचा हात सुटायच्या आधी दुसरी हाती लागावी लागते. रस्त्यावर दोन्हीकडच्या फांद्या एकमेकींना भिडल्या असतील अशा दोन-तीन जागा तरी राखा, वेली ओरबाडू नका. फट पडली की ती जमिनीवर उतरते आणि कुत्र्याच्या किंवा गाडीच्या तडाख्यात सापडते. नाहीतर विजेची तार धरते. फांद्या छाटायच्याच असतील तर दिवसा आधी जाळ्या नीट तपासा: झोपलेली लाजवंती पानांत सहज दिसत नाही.