उत्तर: क्षमा केली, तरी रविवारी भाऊ दिसला की गाणं घशात अडकतं. आत्मिक वाढ खुंटली का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खडकीचं वडिलांचं घर विकलं, धाकट्याने तुमच्या वाट्याचे चार लाख दिले नाहीत, तुम्ही प्रार्थनेत तीनदा क्षमा केलीत. तरी चर्चमध्ये तो पुढच्या बाकावर दिसला की गाणं घशात अडकतं. आनंद हे आत्म्याचं फळ असेल, तर आपलं झाड वांझ का?

झाडाला काही झालेलं नाही. तुम्ही हिशेब न करताच खातं बंद केलंत.

मत्तय 18 मधला निर्दय चाकराचा दृष्टान्त (राजाने त्याचं प्रचंड कर्ज सोडलं, त्याने मात्र सोबतीच्या चाकराचे शंभर दिनार सोडले नाहीत) आपण शंभरदा ऐकतो, आणि त्यातले शंभर दिनार दर वेळी 'क्षुल्लक रक्कम' म्हणून सांगितले जातात. साफ चूक. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची हजेरी. पुण्यात मजूर अड्ड्यावर सातशे धरा, सत्तर हजार झाले. सत्तर हजार बुडाले तर कुणाचीही झोप उडेल. येशू ती रक्कम लहान करत नाही, समोर दुसरी ठेवतो: दहा हजार तालांत. एक तालांत साधारण 6,000 दिनारांचा, म्हणजे 6 कोटी हजेऱ्या. वर्षाला तीनशे दिवस राबलं तरी दोन लाख वर्षं. आणि तो राजासुद्धा आधी हिशेब घ्यायला बसतो, मग सोडतो. मत्तयातल्या प्रभूच्या प्रार्थनेत मराठी शास्त्राने 'ऋण' हाच शब्द ठेवलाय. रक्कमच मांडली नाही, तर सोडलं काय?

तेव्हा वही घ्या. एकच पान. काय, कधी, किती. 'चार लाख' ही एक ओळ, 'आईच्या स्मरण-उपासनेला बोलावलं नाही' ही दुसरी. 'तो पहिल्यापासून असाच' हे लिहू नका, तो शेरा झाला. मग प्रत्येक ओळीपुढे 'सोडलं' किंवा 'मागायचं' लिहा. सोडलं म्हणजे भांडणात पुन्हा काढणार नाही, भावजयीच्या माहेरी सांगणार नाही, त्याचं नुकसान झालं तर आतून सुखावणार नाही. शेवटचं सगळ्यात अवघड, त्याला महिने लागतात. आणि 'मागायचं' लिहिलं म्हणून क्षमा खोटी होत नाही. जकातदार जक्कय लुबाडलेलं चौपट परत देतो म्हणाला तेव्हा येशू 'राहू दे रे' म्हणाला नाही.

पुढची पायरी मत्तय 18 मध्येच आहे: आधी एकट्याने, एकान्तात. फॅमिली ग्रुपवर नाही. नाही ऐकलं तर एक-दोन साक्षी घेऊन. सगळं फिसकटतं ते इथे. इथल्याच एका मंडळीत दोन बहिणींचं आईच्या पाटल्यांवरून बिनसलं होतं. थोरलीने साक्षी म्हणून स्वतःचा जावई आणि त्याचा मित्र नेला. हे साक्षी कसले, वकील! धाकटी म्हणाली, "चुकलं माझं, पण..." आणि त्या 'पण'नंतर बैठक मोडली. दुसऱ्या खेपेला दोघींनी मिळून एकच बाई निवडल्या, पाळकांच्या पत्नी. त्यांनी अट घातली: आधी समोरचीची तक्रार आपल्या तोंडाने सांगायची, ती 'हो, हेच' म्हणेपर्यंत. थोरलीला पाऊण तास लागला. शेवटी तिच्या तोंडून निघालं, "आई अंथरुणाला खिळली तेव्हा दोन वर्षं तू केलंस, आणि मी आल्याआल्या पाटल्या विचारल्या." धाकटी म्हणाली, "हो, हेच." पाटल्या दोन होत्या, एकेक वाटून घेतली. बाक अजून वेगळेच आहेत, पण नाताळचा फराळ जातो-येतो.

आता 'क्षमा करा आणि विसरा' म्हणणाऱ्यांबद्दल. कमिटीतले एक गृहस्थ गेली दहा वर्षं हेच ऐकवतात आणि यिर्मया 31 काढतात: देव पाप स्मरणार नाही. अहो, 'स्मरणार नाही' हा देवाचा निश्चय आहे, त्याला विसराळूपणा जडलेला नाही. योसेफाचं बघा. भावांनी त्याला विकलं, पुढे मिसरात तो मोठा अधिकारी झाला. देवाने मला सगळे कष्ट विसरायला लावले म्हणून त्याने थोरल्या मुलाचं नाव मनश्शे ठेवलं. आणि भाऊ धान्याला आले त्या क्षणी सगळं आठवलं. लगेच गळ्यातही पडला नाही. शिमोन या भावाला अडकवून ठेवलं, धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत प्याला लपवला. ज्या यहूदाने त्याला विकायची कल्पना काढली होती, तोच 'याच्याऐवजी मला गुलाम ठेवा' म्हणाला, तेव्हा योसेफ रडला. क्षमा एकट्याने करता येते, भरवसा समोरच्याला बदललेलं बघूनच परत बसतो. गृहस्थांना हे पटत नाही. नसो.

आनंदाचं राहिलंच. पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय उघडा. 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' ही चौथी ओवी भिंतीवरच्या कॅलेंडरात असते. दुसरी कुणी छापत नाही. तिथे पौल युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांना नावं घेऊन एकचित्त व्हा म्हणतो, आणि तिसऱ्यात एका सहकाऱ्याला त्यांना मदत करायला सांगतो. तेही कैदेतून. म्हणजे आनंदाची आज्ञा धुमसतं भांडण असलेल्या मंडळीलाच आहे; ते मिटेपर्यंत थांबायचं नाही. फळाला मात्र वेळ लागतो. लूक 13 मधल्या अंजिरासाठी माळी आणखी एक वर्ष मागतो, खणतो, खत घालतो. पुरंदरचे अंजीरवाले सांगतील, त्याच झाडाला खट्टा बहारही येतो आणि मीठाही.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मारहाण किंवा मुलांवर अत्याचार असेल तर 'एकट्याने जा' लागू नाही, आधी पोलीस. आणि चार लाखांसाठी वकिलाला आत्ताच विचारा, दाव्याला मुदत असते. पहिले करिंथ 6 (विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना कोर्टात खेचू नये) दाखवून कोणी गप्प बसवायला लागलं, तर त्याच अध्यायातली पाचवी ओवी वाचायला लावा: भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय? मग त्यांनाच तारीख आणि वेळ मागा.