घरखरेदी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: डोंबिवली पूर्वेला बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत 38 लाखांचा फ्लॅट पाहिला आहे. साइटच्या बोर्डावर महारेरा (राज्याचं बांधकाम क्षेत्र नियामक प्राधिकरण) क्रमांक आहे. बिल्डर बुकिंगला 20 टक्के रक्कम मागतो. क्रमांक आहे म्हणजे इमारत अधिकृत समजायची का?

नाही. तुमच्याच कल्याण-डोंबिवली महापालिका हद्दीतलं 65 इमारतींचं प्रकरण आठवा. बांधकाम परवानगीचे बनावट कागद जोडून त्यांच्यासाठी महारेरा क्रमांक मिळवले गेले होते. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायला सांगितल्या, आणि आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेली कुटुंबं उघड्यावर येण्याची वेळ आली. तेव्हा क्रमांक मिळाला की तपास तिथून सुरू करायचा.

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडा आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे सीसी, उतरवून घ्या. जावक क्रमांक, तारीख, सर्व्हे व हिस्सा क्रमांक आणि परवानगी किती मजल्यांची आहे, हे लिहून काढा. मजल्यांची ओळ बरेच जण वाचतच नाहीत. सीसी टप्प्याटप्प्याने मिळते. परवानगी चार मजल्यांची आणि तुमचा फ्लॅट सातव्यावर, असं असेल तर तुम्ही अजून मंजूरच न झालेली जागा विकत घेत आहात.

त्याच सर्व्हे क्रमांकाचा सातबारा काढा. जमीन भोगवटादार वर्ग 2 (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) असेल, किंवा ‘इतर हक्क’मध्ये बँकेचा बोजा, कोर्टातला दावा अथवा कूळकायदा कलम 43चा (कुळाला मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवर निर्बंध असल्याचा) शेरा दिसला, तर पैसे देण्याआधी तो उतारा वकिलाला दाखवा. वकील तुमचा हवा, बिल्डरने सुचवलेला नको.

मग महापालिकेचा नगररचना विभाग. तिथे कुणी तोंडी ‘हो, आहे परवानगी’ म्हटलं तर त्याला काही किंमत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. ‘परवानगी आहे का?’ असा प्रश्न त्यात लिहू नका, त्याचं उत्तर टोलवता येतं. ‘जावक क्रमांक अमुक, दिनांक अमुक या बांधकाम परवानगीची आणि मंजूर नकाशाची साक्षांकित प्रत मिळावी’ असं लिहा. मग एक तर प्रत द्यावी लागते, नाहीतर ती अभिलेखात नाही असं लेखी कळवावं लागतं. आलेली प्रत संकेतस्थळावरच्या कागदाशी ओळ न् ओळ ताडून पाहा. बिल्डर म्हणेल, तोवर भाव वाढेल. वाढू द्या.

20 टक्क्यांचं उत्तर सोपं आहे. रेरा कायद्याच्या कलम 13प्रमाणे करारनामा नोंदवण्याआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. तुमच्या बाबतीत ती मर्यादा 3,80,000 रुपये होते. तीही चेकने द्या, आणि पावतीवर फ्लॅट क्रमांक व मजला लिहून घ्या.

प्रश्न: पुण्यात वाघोलीला 42 लाखांचा फ्लॅट ठरत आहे, इमारत अजून अपुरी आहे. किमतीवर आणखी किती खर्च धरायचा? बायकोच्या नावावर घेतला तर फायदा होतो का?

वाघोली 2021पासून पुणे महापालिकेत आहे. त्यामुळे मुद्रांक शुल्क अधिभार धरून 7 टक्के, म्हणजे 2,94,000 रुपये. करारातली किंमत आणि रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या बाजारमूल्याचा, दर यांत जी रक्कम जास्त, तिच्यावर ते लागतं. नोंदणी फी 30,000. खरेदीदार म्हणून फक्त स्त्रीचं नाव असेल तर शुल्कात एक टक्का सवलत मिळते, तुमचे 42,000 वाचतील. मालकीत तुमचं नाव घातलंत की सवलत गेली.

चूक होते ती जीएसटीत. 45 लाखांपर्यंतच्या घराला दर 1 टक्का, त्यापुढे 5 टक्के. क्षेत्रफळाची अट पुण्यात 90 चौरस मीटर कार्पेटची (घराच्या आतल्या वापराच्या जागेची) आहे, मुंबई महानगर प्रदेशात 60ची. पण हे 45 लाख मोजताना पार्किंग, विकास शुल्क, ‘गार्डन फेसिंग’चा जादा दर असं बिल्डर घराबरोबर जे जे आकारतो ते बहुतेक सगळं धरलं जातं. 42 लाखांवर त्याने असे साडेतीन लाख लावले की बेरीज साडेपंचेचाळीस होते, आणि 42,000च्या ऐवजी 2,27,500 रुपये कर बसतो. म्हणून सगळ्या रकमांचा एकच लेखी तक्ता आधी मागा. भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) मिळाल्यावर विकलेल्या फ्लॅटला जीएसटी नाही.

प्रश्न: बदलापूरला नदीपासून जवळ, पण स्वस्त फ्लॅट मिळतो आहे. घ्यावा का?

आधी पूररेषा पाहा. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी, 100 वर्षांतल्या पुराची लाल. सर्व्हे क्रमांक घेऊन नगरपालिकेत जा, झोन दाखल्यासोबत भाग नकाशा मागा आणि त्यावर आपला भूखंड या रेषांच्या कोणत्या बाजूला येतो ते तपासा. निळ्या रेषेच्या आत असेल तर स्वस्ताईचा विचार सोडून द्या. दोन रेषांच्या मध्ये असेल तर जोत्याची पातळी लाल रेषेच्या वर आहे का, ते मंजूर नकाशात बघा. मीटर रूम आणि पाण्याचा पंप तळमजल्यावर असेल तर पाणी घरात न शिरताही वीज, लिफ्ट आणि नळ बंद पडतात. जुलै 2019च्या पुरात याच पट्ट्यात, वांगणीजवळ, महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती. त्या दिवशी गल्लीत पाणी कुठवर आलं होतं, ते शेजारच्या जुन्या इमारतीतल्या लोकांना विचारा. ते भिंतीवर हात ठेवून दाखवतील.

प्रश्न: वसईत 20 वर्षं जुन्या सोसायटीत फ्लॅट घेत आहोत. जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे. अडचण येईल?

राहायला अडचण नाही, पुनर्विकासाला नक्की येईल. जमीन आपल्या नावावर करून घेण्यासाठी अशी सोसायटी मोफा (राज्याचा जुना फ्लॅट मालकी) कायद्यानुसार जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा, अर्ज करू शकते. बिल्डरची सही त्याला लागत नाही. अर्ज झाला आहे का, आणि इमारतीला ओसी आहे का, हे सेक्रेटरींना विचारा. विकणाऱ्याकडून पहिल्या खरेदीपासूनचे सगळे मूळ करारनामे, प्रत्येकाची इंडेक्स 2 (दस्त नोंदणीचा उतारा), भागपत्र (सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट) आणि सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. मधला एक करारनामा जरी हरवलेला असला तरी बँक कर्ज अडवते, म्हणून टोकन देण्याआधीच ते मोजून घ्या.