अकरावीला मीडिया घेतलास, तर आधी आवाज सांभाळ

मास मीडिया घेतलास, छान केलंस. महागड्या कॅमेऱ्यासाठी घरच्यांच्या मागे लागू नकोस, मोबाइल पुरतो. जीव लाव तो आवाजाला. नाशिकच्या रामकुंडावर मुलाखत घ्यायची असेल तर गर्दी व्हायच्या आत जा, कॉलर माइक लाव आणि बोलणं संपलं की तिथला नुसता आवाज अर्धा मिनिट वेगळा रेकॉर्ड कर. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांमधली फट त्यानेच बुजते. वर्गात ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकलं तर शटर, म्हणजे एक चित्र टिपायचा वेळ, १/५० सेकंदावर ठेव, आपली वीज ५० हर्ट्झची आहे.

थिअरीही मनापासून वाच. त्र्यंबकेश्वरात १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये पडद्यावर आणला तो मूकपट. गोष्ट आवाजाशिवाय, चित्रांतून आणि मधल्या लिखित पाट्यांतून पोचवायची होती. तुझी फिल्मही एकदा म्यूट करून घरच्यांना दाखव आणि काय कळलं ते विचार.