नातीचं कर्ज आणि नौपाड्यातलं घर

प्रश्न : नात अमेरिकेची नागरिक आहे. ऑगस्ट २०२६मध्ये समाजकार्याचं दोन वर्षांचं मास्टर्स सुरू करणार. खर्च वर्षाला ४८,००० डॉलर. मुलगा म्हणतो, आता सरकारी कर्ज पुरत नाही. घर विकू का? – एक आजी, नौपाडा, ठाणे

उत्तर : आजी, घर विकू नका. मी ठाण्यातल्या बँकेत अकरा वर्षं शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर होते. नातवंडांसाठी छप्पर गमावलेले आजी-आजोबा पाहिलेत, म्हणून इतकं ठामपणे सांगते.

मुलगा म्हणतो ते खरं आहे. अमेरिकेच्या जुलै २०२५च्या कायद्याने, १ जुलै २०२६पासून नव्या मास्टर्स विद्यार्थ्यांना तिथल्या केंद्र सरकारचं कर्ज वर्षाला २०,५००, एकूण एक लाख डॉलरपर्यंतच मिळेल. पूर्वी ‘ग्रॅड प्लस’ या दुसऱ्या सरकारी कर्जातून उरलेला सगळा खर्च निघायचा, ते नव्यांना बंद. डॉक्टरकी, वकिलीला मर्यादा वर्षाला ५०,००० आहे, समाजकार्याला ती लागू नाही. म्हणजे वर्षाला २७,५०० कमी पडतात.

ही तूट आधी कॉलेजसमोर मांडायला सांगा. विद्यार्थी गमवायचे नसतील तर त्यांनाही फी किंवा शिष्यवृत्तीचा विचार करावाच लागेल. शिवाय ज्या अभ्यासक्रमाचे पदवीधर फार कमी कमावतात, त्याचं सरकारी कर्जच बंद होऊ शकतं. तिथल्या पदवीधरांच्या पगाराचे आकडे मागा.

नोकरी करत शिकली तर मालक वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत फी किंवा कर्जाचे हप्ते करमुक्त भरू शकतो. ही सवलत आता कायमची आहे. मुलाखतीत विचारायला लाजू नये.

खासगी कर्ज शेवटी. त्याला बहुधा जामीनदार लागतो. तिथे मुलाने सही करावी, तुम्ही नाही.