गरिबी कमी करायची तर मदत एकेका घराला द्यावी की गटाला?

तुम्ही लिहिलंय की समाजकार्याच्या एमएसडब्ल्यू पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि तुमचे सर म्हणतात गटाला दिलेली मदतच टिकते, एकट्या घराला दिलेली वाया जाते, तर हे खरं का. सरांशी भांडण नाही, पण मी 1988 ते 2019 बँकेत काढली, त्यातली बरीच वर्षं मराठवाड्यात फिल्ड ऑफिसर होतो, दोन्ही प्रकारची कर्जं ह्याच हातांनी वाटली आणि ह्याच हातांनी एनपीएत (थकीत खात्यात) टाकली, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी घरवालं घेऊ. आयआरडीपीवर (एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम) तुमच्या पुस्तकात दोन ओळी असतील. 2 ऑक्टोबर 1980 पासून ती देशभर लागू झाली. दारिद्र्यरेषेखालचं घर शोधायचं, त्याला कमाईचं साधन घेऊन द्यायचं (आमच्याकडे साधन म्हणजे म्हैस, फार तर शेळ्या), लहान शेतकऱ्याला 25 टक्के सबसिडी, अत्यल्पभूधारक आणि मजुराला एक तृतीयांश, एससी-एसटीला निम्मी, उरलेलं बँकेचं कर्ज. कागदावर झकास. प्रत्यक्षात मार्च एंडिंग आलं की पंचायत समितीतून निरोप यायचा की टार्गेट बाकी आहे, मग आठवडी बाजारात एका दिवसात पंचवीस म्हशी, दलाल ठरलेला, दाखला ठरलेला, कानात विम्याचा बिल्ला ठोकला की झाला फोटो. एकच म्हैस तीन लाभार्थ्यांच्या फोटोत मी पाहिलीय, कपाळावर पांढरा चांद होता म्हणून ओळखू आली, नाहीतर सगळ्या काळ्याच. म्हैस मेली सांगून बिल्ल्यासकट कान आणून टेबलावर ठेवायचे ते आणखी वेगळं.

घोटाळे सोडा, जी घरं सरळ होती त्यांचं काय झालं ते मला जास्त लागून राहिलंय. एक बाई होती, नवरा गवंड्याच्या हाताखाली, तिला खरोखर चांगली म्हैस मिळाली होती, सात-आठ महिने डेअरीला दूध घातलं, हप्तेही भरले, मग म्हैस आटली, उन्हाळ्यात कडबा मिळेना, पेंड परवडेना, त्यात नवरा पडून पाय मोडून घरी बसला आणि म्हैस बाजारात गेली, अर्ध्या किमतीत. पुढच्या वर्षी मी वसुलीला गेलो तेव्हा गोठ्यात नुसतं दावं होतं. कर्ज दिल्यापासून त्या दिवसापर्यंत तिच्या दारात कोणी गेलं नव्हतं, मीसुद्धा नाही, कारण माझ्याकडे बारा गावं आणि एक मोटरसायकल. म्हणजे सर म्हणतात तसं पैसे वाया गेले हे खरं, पण ते घर एकटं होतं म्हणून गेले की पुढे कोणी विचारपूसच केली नाही म्हणून, ह्याचा हिशोब कोणी मांडला नाही.

मग 1 एप्रिल 1999 ला आयआरडीपी, डवाक्रा (खेड्यातल्या बायकांसाठीची योजना) वगैरे गुंडाळून स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना आली आणि वारं गटाकडे फिरलं. एकट्याला 30 टक्के सबसिडी, तीही साडेसात हजारांपर्यंत (एससी-एसटीला 50 टक्के, दहा हजारांपर्यंत), आणि गटाला 50 टक्के, सव्वा लाखापर्यंत. एवढा फरक ठेवल्यावर काय होणार, पावसाळ्यात छत्र्या उगवाव्यात तसे बचत गट उगवले. बऱ्याच गटांची अध्यक्ष पुढाऱ्याच्या घरातली कोणीतरी, सबसिडी मिळाली की गट गायब. जे गट खरे होते त्यांनाही आम्ही दहा जणींचा एकच धंदा करायला लावायचो, पिठाची गिरणी घ्या नाहीतर पत्रावळीचं मशीन घ्या, कारण आमच्या फॉर्मला ते सोपं पडायचं. आता दहा जणींच्या गिरणीवर रोज बसायचं कोणी? मोटर जळली तर पैसे कोणी घालायचे? एका गावात अशी गिरणी अडीच महिने चालली, नंतर तिच्यावर कोंबड्या बसायच्या.

पण ह्याच बायकांची महिन्याची पन्नास-शंभराची बचत आणि त्यातून आपसात फिरणारं कर्ज, ते मात्र घड्याळासारखं चालायचं. लेकरू आजारी पडलं, शाळेची फी भरायचीय, बियाणं आणायचंय, हजार-दोन हजार गटातून महिना शेकडा दोननं मिळायचे, तेही संध्याकाळच्या आत, सावकार शेकडा पाच-दहा घ्यायचा. बँकेत बायका एकट्या यायला लाजायच्या, गटाने आल्या की खुर्ची ओढून बसायच्या, मॅनेजरला उलट प्रश्न करायच्या. म्हणून गट वाईट असं मी कधीच म्हणणार नाही. पैसा साठवायला, अडीनडीला आणि दरवाजा ठोठावायला गट, पण म्हैस ज्याची त्याची हवी.

आणि आता जे सांगतो ते तुमच्या सरांनी धरलेलं दिसत नाही. गटात सगळ्यात गरीब बाई नसतेच. आमच्या भागात अर्धं गाव ऊसतोडीला जायचं, दिवाळीच्या आगेमागे टोळी निघाली की मार्च-एप्रिलात परत. ती बाई मीटिंगला येणार कशी आणि दर महिन्याला बचत भरणार कशी? गटातल्या बायका दुष्ट नव्हत्या हो, पण बँकेतून आम्ही गटाला ग्रेड द्यायचो ते हजेरी आणि परतफेड बघूनच, तिच्यामुळे गटाचा ग्रेड पडायचा, मग दोनदा सांगून बघितलं की तिसऱ्यांदा नाव कमी. टाकून दिलेली, विधवा, आजारी माणूस घरात असलेली, सगळ्यांचं तेच. ग्रेडच्या त्या फॉर्मवर सही माझी असायची.

बांगलादेशात ब्रॅक संस्थेला हेच दिसलं होतं, की अगदी तळातल्या बायका कर्जाच्या गटात येतच नाहीत. 2002 पासून त्यांनी अशा घरांसाठी वेगळी योजना काढली. घराला गाय किंवा शेळ्या फुकट, कर्ज नाहीच, ते जनावर विकून खायची वेळ येऊ नये म्हणून काही महिने घरखर्चाला थोडे पैसे, प्रशिक्षण, बचत, आणि दोन वर्षं दर आठवड्याला माणूस घरी येणार. ही रीत पुढे इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान, पेरू अशी सहा देशांत साडेदहा हजार घरांवर तपासली, निकाल 2015 ला आला, बहुतेक ठिकाणी योजना संपून वर्ष झाल्यावरही खाणंपिणं, कमाई वाढलेली होती. होंडुरासमध्ये फसली, तिथे कोंबड्या दिल्या होत्या आणि त्या रोगाने मेल्या (वाचून मला आमच्या म्हशी आठवल्या). त्यातल्या पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबादच्या घरांकडे तर दहा वर्षांनी परत जाऊन बघितलं, फायदा टिकलेला होता. उलट तेलंगणातल्या मेडक जिल्ह्यात अशाच योजनेचा निव्वळ फायदा दिसला नाही, कारण तिथे मजुरीच वाढत होती, जनावर सांभाळायला बाईने मजुरी सोडली तर एका हाताने आलं ते दुसऱ्याने गेलं. तेव्हा गावातली मजुरी काय चाललीय हे विचारल्याशिवाय शेळ्या वाटू नका.

गटाच्या बाजूचं एक सांगतो. बांगलादेशातल्याच ग्रामीण बँकेची पाच-पाच बायकांची, एकमेकींना जामीन अशी पद्धत जगभर गाजली, पण 2002 च्या आसपास त्यांनी स्वतःच तो जामीन काढून टाकला. फिलिपिन्समध्ये एका बँकेने मीटिंगा चालू ठेवून फक्त सामूहिक जबाबदारी काढून बघितली तर वसुलीत फरक पडला नाही. म्हणजे एकत्र बसण्याचा फायदा वेगळा आणि एकीच्या थकबाकीसाठी दुसरीच्या दारात जाऊन भांडी उचलायची हे वेगळं, आपल्याकडे दोन्हीला गटच म्हणतात.

सध्या मला बिहारचं बरं वाटतं. दारूबंदीनंतर 2018 ला तिथे सतत जीविकोपार्जन योजना आली, ताडी-दारूच्या धंद्यावर जगणारी आणि अगदी हलाखीतली घरं गावातले महिला ग्रामसंघच (बचत गटांचे गावपातळीवरचे संघ) शोधतात, पण दुकान किंवा शेळ्या मिळतात त्या एकेका घराला. आपली लाडकी बहीण महिना 1500 देते, त्याने किराणा भरतो, गरजही आहे, पण कमाईचं साधन उभं करून द्यायची ही योजना नाही, दोन्ही एका तक्त्यात टाकू नका.

प्रोजेक्टसाठी गावात गेलात की गटाच्या अध्यक्षाबाईंकडे जुनं हजेरी रजिस्टर मागा. जी नावं मधल्याच महिन्यात बंद झालीत ती उतरवून घ्या आणि आधी त्या घरांना जा, शक्यतो मे महिन्यात, तेव्हा टोळ्या परत आलेल्या असतात.