दिवाळीच्या सुमाराला हिडकल धरणावर गळाला मासा का लागत नाही?

तुमचा प्रश्न असा, की पाऊस संपला, बेळगाव जिल्ह्यातलं घटप्रभेवरचं हे धरण तुडुंब आहे, तीन रविवार पहाटे पाचपासून खोल पाण्यात गळ टाकून बसलो, एक मासा नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिडकलला मासा लागतो की नाही?

लागतो. पहाटे पाच आणि खोल पाणी, दोन्ही चुकलं. हे कुणी सांगितलं तुम्हाला? आमच्या घरात ते दाजींनी सांगितलं होतं आणि त्यावरून आजतागायत भांडण आहे, म्हणून उत्तर जरा लांबणार.

थोरल्या आक्काचे मिस्टर पुण्याला असतात. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी त्यांना हिडकल. त्या वर्षी नवा रॉड आणला होता, शिवाय पाण्यावर तरंगणारा एक गोळा, जो मोबाईलवर खालचे मासे दाखवतो. मी म्हटलं, दाजी, सावकाश जेवून निघू. तर म्हणाले, "मोठा मासा पहाटे खोलात असतो रे, तू अजून गांडुळावरच आहेस." चारला सगळं घर जागं केलं. बाबा घोंगडं पांघरून दारात आले आणि म्हणाले, "कासराभर दिवस वर येऊ दे की. मासं काय शाळेला जाऊलालेत?"

फुगवट्याच्या काठाला दड्डी गाव आहे, त्या बाजूला पोचलो तेव्हा पाण्यावरून वाफ निघत होती. दाजींनी गोळा सोडला. चाळीस फुटांवर ठिपकेच ठिपके. "खच्चून मासा आहे!" दहा वाजेपर्यंत त्या खच्चून माशातून तळहाताएवढी एक चिलापी आली. ते ठिपके म्हणजे बुडालेल्या झाडांचे बुंधे असणार, असं मी म्हटलं, तर बोलणंच बंद केलं.

आता कारण ऐका. ऑक्टोबरच्या उन्हानं वरचं पाणी तापलेलं असतं, खालचं गार आणि जड. दोन्ही लवकर मिसळत नाहीत. खाली झाडपाला कुजत असतो, त्यात तिथला प्राणवायू संपतो, मग मासा तिथं कशाला थांबेल? वरच्या थरातही रात्रभर शेवाळ आणि मासे मिळून प्राणवायू वापरतात, तो सगळ्यात कमी असतो तो उजाडायच्या आधी. त्यात कार्तिकातली रात्र निरभ्र, कडेचं उथळ पाणी गारठतं. रोहू, कटला, मृगळ ही ऊबदार पाण्यातली जात. गारठ्यात त्यांचं तोंड बंद. ऊन चढलं की तोंड उघडतं. दुपारी तीन ते दिवस मावळेपर्यंत बसा, बाकी वेळ झोपा.

दुसरं, वारा. मान्सून परतला की आपल्याकडं वारा पूर्वेकडून फिरतो. हिडकलची भिंत पूर्वेला, फुगवटा पश्चिमेला दड्डीकडं. म्हणजे वरचं ऊबदार पाणी आणि त्यातलं बारीक खाद्य ढकललं जातं ते आपल्या काठाला. ज्या काठावर लाटा आपटून हातभर पट्टा गढूळ झालाय, फेस साचलाय, तिथंच बसायचं. दाजी मात्र टेकाडाच्या आडोशाला जाऊन बसले, कारण लाटांत त्यांचं गळाचं तरंगतं बूच नाचत होतं.

मी लाटांवर बसलो. शेंगपेंड, भाजलेला कोंडा आणि गूळ, एवढंच आमिष. अडीचला दाजी कंटाळून माझ्या शेजारी आले आणि माझ्या तंगुसावरून, म्हणजे गळाच्या दोरीवरून, आडवा गळ टाकला. साडेतीनला माझं बूच तिरकं होऊन सरकलं. ओढ बसली, मासा पळाला, दोन्ही तंगूस एकात एक गुंतले. काठावर आला तो साडेतीन किलोचा रोहू. खालच्या ओठाच्या कोपऱ्यात गळ होता आणि त्याच्या दांडीवर निळ्या दोऱ्याचे वेढे. असे वेढे मीच घेतो, पुण्याचं दुकान घेत नाही. दाजींनी पक्कडीनं गळ काढला, आपल्या डब्यात टाकला, माशाचं तोंड धुतलं आणि फोटो काढला. तेव्हापासून प्रत्येक लग्नात "माझा हिडकलचा रोहू". आईनं मासा चिरला तेव्हा कल्ल्यातून पेंडीचा चोथा निघाला. दाजींचं आमिष स्ट्रॉबेरीच्या वासाचे लाल मणी होते. पण त्या वेळी दाजी झोपले होते.

तर तुम्ही एक करा. संध्याकाळी पाण्याच्या कडेला काटकी रोवा, सकाळी बघा. हिडकल ५१ टीएमसीचं धरण, २१७५ फुटांना भरतं. कालव्यांना पाणी सुटलं की पातळी उतरायला लागते. काटकी कोरडी पडून वीतभर पाणी मागं गेलं असेल तर काठाचा मासाही सरकलेला असतो, तुम्हीही पुढं सरका. जागा मात्र मे महिन्यात बघून ठेवा. हुन्नूरच्या विठ्ठलाचं देऊळ पाण्याबाहेर येतं तेव्हा जुने बांध, ओढे, बुंधे सगळं उघडं पडलेलं असतं.

हस्ताची सर येऊन गेली तर हे सगळं विसरा. तेव्हा ओढ्याच्या तोंडाशी, लाल पाणी येऊन मिळतं तिथं, गांडूळ लावून अंधार पडेपर्यंत बसा, शिंगाळा किंवा वाम लागेल. सलग ढगाळ असेल तर घरीच बसा. आणि खरं सांगायचं तर डिसेंबर-जानेवारीत दाजींचं खोल पाणी बरोबर ठरू शकतं, कारण वरचं पाणी गार होऊन खाली बसतं आणि सगळं एकजीव होतं. पण आम्ही गेलो होतो ते भाऊबीजेला.

मासेमारीचा ठेका कुणाकडं आहे ते गावात विचारून मगच बसा, नाहीतर गळ काढून घेतील. राकसकोपच्या तलावावर तर गळ नेऊच नका, बेळगाव शहर पितं ते पाणी.

दाजी, तुम्ही हे वाचलंत तर तुमच्या डब्याचा खालचा कप्पा उघडा. निळा दोरा अजून असेल.